अण्णांचं फूल

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडली असशील. ती मोडून झाली असतील असं धरून लिहायला बसलो आहे.

एक मोठं काम मिळालं आहे. ज्या हॉटेलचं नाव अण्णांच्या तोंडून ऐकत आपण मोठे झालो, त्याच हॉटेलचं. पुढच्या महिन्यात ते दुरुस्तीसाठी बंद होणार आहे. त्याआधी आतला कोपरा न् कोपरा आहे तसा टिपून ठेवायचा, त्याचं पुस्तक काढायचं, असं मालकांच्या मनात आहे. मी आजवर लग्नं आणि दुकानं टिपली. हे काम हातात येताच पहिल्यांदा देवासमोर जाऊन उभा राहिलो आणि मग कॅमेऱ्याची तिपाई पुसायला घेतली.

दर्शनी दालनात समोरासमोर आरसे आहेत. कॅमेरा कुठंही ठेवा, मी दिसतोच. मॅनेजरबाई शिस्तीच्या आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की फोटोत माणूस नको, फोटोग्राफर तर मुळीच नको. शेवटी मी खांबाआड उभा राहून लांब वायरीनं बटण दाबलं. घरी हे सांगितलं तर तुझी भावजय म्हणाली, की गिऱ्हाइकाला तुमचं तोंड नको हे मला कधीपासून ठाऊक आहे, त्यांना आज कळलं.

खिडकीचा उजेड मंद असतो, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात कुणी समोरून चालत गेलं तर त्याची खूण उमटत नाही. जिन्याचा फोटो घेताना एक म्हातारा वेटर ट्रे घेऊन आरपार गेला आणि फोटोत नाही. त्याला दाखवलं. तो म्हणाला, की साहेब, आम्हाला इथं पहिल्या दिवशी तेच शिकवतात.

पण खरं लिहायचं ते पुढंच आहे. जेवणाच्या दालनात गेलो आणि मान वर केली. सबंध छत पांढऱ्या प्लास्टरच्या फुलांचं. ओळीवर ओळी, एकेक फूल परातीएवढं. माझे हात आपोआप जोडले गेले. ताई, छत खरं आहे. मग तिथं एक फूल माझं आहे असं म्हणतात ते अण्णांचं फूलही खरं असणार. आपल्या घरात प्लंबर येतो येतो म्हणून आला नाही की भावोजी म्हणतात, हे अण्णांचं फूल झालं. आता त्यांना म्हणावं, जरा दमानं घ्या.

दुरुस्तीत या छताखाली दुसरं सपाट छत येणार आहे, गार हवेच्या नळ्या झाकायला. मग ही फुलं कुणालाच दिसायची नाहीत. तेव्हा अण्णांना नीट विचार, त्यांचं फूल नेमकं कुठं आहे. झाकलं जाण्याआधी एकदा तरी त्यांच्या डोळ्यांसमोर ते आलं पाहिजे.

अण्णांना साष्टांग नमस्कार. तुझी माया आटलेली नाही हे कळायला चार ओळी लवकर लिही.

तुझा
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बोटं मोडून झाली होती, पण पत्र वाचून पुन्हा मोडावीशी वाटली, कारण अण्णांची तब्येत कशी आहे हे तू शेवटच्या ओळीतही विचारलं नाहीस. असो. मी सांगते. अंगणात पडले तेव्हाचं हाड जुळलं आहे. डॉक्टर म्हणतात, आता उठवा, चालवा. पण हाड जुळलं तरी मन जुळत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. उठा म्हटलं तर म्हणतात, उठून कुठं जायचंय.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, पत्र मात्र सगळं ऐकू येतं. छताचा मजकूर आला तसे ते कुशीवर वळले आणि तो भाग पुन्हा वाच म्हणाले. मग पुन्हा. दुपारी चहा देताना स्वतःहून बोलले, की खिडकीच्या बाजूला, दिव्याजवळ. वरच्या न्हाणीघरातलं पाणी मुरून तिथलं एक फूल खाली आलं होतं. जुना साचा कुणाकडे नव्हता. शेजारच्या फुलाचा छाप घ्यावा तर तेही निखळायची भीती. म्हणून परांचीवर उताणं पडून त्यांनी ते नुसत्या हातानं घडवलं. तू तेव्हा पाळण्यात होतास. ते काम संपवून ते गावी आले आणि पुढं जन्मभर लोकांच्या साध्या भिंतींना गिलावा करत राहिले.

तुझे भावोजी दारातून ऐकत होते. म्हणाले, सासरेबुवा, ते फूल अजून उमललंय की कोमेजलं. अण्णा हसले नाहीत, पण ऐकलंसुद्धा नाही, हे मला फार बरं वाटलं. हातानं केलेलं आहे म्हणजे साच्यातल्या फुलांपेक्षा थोडं वेगळं दिसणारच. शोध. त्या फुलापायी अण्णा उठून बसले तर मला दुसरं काही नको.

जेवण वेळेवर घेत जा. भावजयीला सांग, तोंडाबद्दलचं तिचं म्हणणं मला पटलं.

तुझी
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णांची तब्येत विचारायची राहिली ही माझी चूक. कान पकडले आहेत, कल्पना करून घे.

खिडकीच्या बाजूला म्हणजे कुठल्या? दालनाला दोन्ही अंगांना खिडक्या आहेत. आणि दिवे चार. चारही झुंबरांभोवती फुलांची कडी आहेत. मी सकाळी कामाला लागण्याआधी जातो, टेबलांवरून खुर्च्या उतरवायच्या असतात तेव्हा. मान वर करून इकडून तिकडे फिरतो. दुर्बिणीसारखं लांब भिंग लावून एकेक फूल पाहतो. कुठं पाकळी कमी नाही, कुठं जास्त नाही. मान अशी आखडली आहे, की काल रस्त्यात ओळखीच्या माणसाला खाली बघून नमस्कार करता येईना. त्याला वाटलं, हॉटेलात जायला लागल्यापासून याची मान ताठ झाली.

सकाळचा उजेड तिरपा येतो तेव्हा फुलांच्या सावल्या पडतात आणि छत हलल्यासारखं वाटतं. अशा वेळी मी शोधायचं विसरतो आणि नुसता उभा राहतो. इतक्या लोकांनी इथं जेवणं केली, वर कितीजणांनी पाहिलं असेल. करणाऱ्यांनी मात्र केलं. मग मॅनेजरबाईंच्या टाचा वाजतात आणि मी तिपाईकडे वळतो.

अण्णांना सांग, शोध चालू आहे. आणखी काही खूण आठवते का विचार.

तुझ्या रागाचाही धनी,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खूण आठवत नाही म्हणतात. उलट खूण कसली, असं मलाच विचारतात. मी फार खोदलं तर डोळे मिटून घेतात.

तुझं पत्र आलं का, हे मात्र रोज सकाळी विचारतात. पोस्टमन पुढं निघून गेला की पुन्हा भिंतीकडे तोंड. परवा जेवायला नको म्हणाले. काल अर्धंच जेवले. मी चिडले, मग मला रडू आलं, मग ह्यांनी मला चहा करून दिला आणि तो इतका वाईट होता की रडू थांबलं.

धाकट्या, मी विचार केला आहे. सगळी फुलं सारखी आहेत असं तू म्हणतोस. मग त्यातलं कुठलंही एक, जरा वेगळंसं, टिपून धाड आणि सापडलं म्हणून लिही. एवढ्या वर्षांनी त्यांना तरी काय ओळखू येणार आहे. समाधान होईल माणसाचं. देवाला खोटं आवडत नाही हे मला सांगू नकोस. लहानपणी शाळेच्या वेळेलाच पोट दुखायचं ते तुझंच.

तुझी
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णांना सांग, सापडलं. पूर्वेच्या खिडक्यांच्या बाजूला, दुसऱ्या ओळीत, झुंबराच्या जवळच. बाकीच्या फुलांहून ते थोडं वेगळं आहे. एक पाकळी जाड आहे आणि टोकाशी जराशी वाकलेली. हातानं केलेलं लगेच कळतं. सोबत फोटो पाठवतो आहे. अण्णा, तुमच्या हाताखालून गेलेली वस्तू इतक्या वर्षांनी पाहिली आणि फार आनंद झाला.

आपला
धाकटा

(हा दुसरा कागद तुझ्यासाठी, वाचून दाखवू नकोस. तू म्हणालीस तसं केलं. सगळ्या छतात हे एकच फूल जरा वाकडं मिळालं. कदाचित खरंच त्यांचं असेल, असं मी मनाला सांगतो आहे. पण संध्याकाळी देवापुढं बसलो तर नेहमीसारखे डोळे मिटवेनात. अण्णा काय म्हणाले ते लगेच कळव.)

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपण मोठी चूक केली. मी आधी, तू मागून.

पत्र वाचताना त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. सापडलं म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता यायचं नाही. हात पुढं करून त्यांनी फोटो घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग मला परत दिला आणि आडवे झाले. त्यानंतर ना चहा, ना शब्द. हे रोज त्यांची चेष्टा करणारे, तेच त्यांच्या पायथ्याशी जाऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले.

काल सकाळी भिंतीकडे बघूनच बोलायला लागले. म्हणाले, की फूल बसवून झालं तेव्हा परांची काढली आणि मिस्त्रींनी सगळे दिवे लावायला सांगितले. खालून ओळखू आलं तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मिस्त्री मान वर करून सगळं दालन फिरले. दोनदा फिरले. मग विचारलं, की कुठलं आहे? अण्णा गप्प राहिले. मिस्त्रींनी जन्मात कुणाला शाबासकी दिली नव्हती. त्यांनी आपल्या पेल्यातला अर्धा चहा अण्णांपुढं केला. बस्स.

एवढं सांगून ते म्हणाले, की माझ्या पोरानं ते वाकडं बघितलं आणि हे आमच्या बापाचं म्हणून ओळखलं. म्हणजे इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांना मी तसलाच कारागीर वाटत होतो.

ही गोष्ट त्यांनी शंभरदा सुरू केली असेल. तिथं एक फूल माझं आहे, इथवर आले की हे काहीतरी कोटी करायचे, आपण हसायचो आणि ते थांबायचे. पुढचं कुणी विचारलंच नाही. वेगळं दिसणारं फूल आपणच आपल्या मनानं तयार केलं होतं.

हे आता चेष्टा करत नाहीत. घरात फार शांत झालं आहे, मला ते आवडत नाही. छत झाकायच्या आत काही सुचलं तर कर.

तुझी
ताई

९ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ताईला नाही, तुम्हालाच लिहितो आहे. तिनं ते तुम्हाला वाचून दाखवावं, एकही ओळ न गाळता.

अण्णा, मला तुमचं फूल सापडलं नव्हतं. तुम्ही जेवत नाही म्हणून ताई घाबरली, ती घाबरली म्हणून मी घाबरलो, आणि त्यातल्या त्यात वेगळं दिसलं ते तुमच्या नावावर लावून मोकळा झालो. ते वाकडं फूल दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्याचा आणि तुमचा, दोघांचाही मी अपमान केला. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

ताईचं पत्र आलं त्याच दिवशी हॉटेलात गेलो. माझं काम संपलं होतं. दालनाच्या भिंतींना परांचीचे लाकडी वासे येऊन टेकले होते. मॅनेजरबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की उद्याची सकाळ तुमची, माणसं जेवणानंतर येतील.

दालनात आता गालिचे नाहीत, खुर्च्या नाहीत. तो म्हातारा वेटर सामान मोजायला मागं राहिला आहे. त्याची चाकांची गाडी मागून घेतली. तिच्यावर कॅमेरा उताणा ठेवला, तुम्ही परांचीवर पडला असाल तसा. एक ओळ झाली की गाडी हातभर सरकवायची, पुन्हा उजेड स्थिरावू द्यायचा, पुन्हा बटण दाबायचं. ढग आला की थांबायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं छत टिपलं, एकही फूल सोडलं नाही. या वेळी मी काही शोधत नव्हतो. तुम्हाला खरं सांगतो, इतक्या दिवसांत छत मला त्या सकाळीच दिसलं.

वेटरनं विचारलं, की साहेब, यातलं वडिलांचं कुठलं? मी म्हणालो, माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तो म्हणाला, मग ते आमच्यातलेच.

सगळे तुकडे जोडून एक मोठा कागद छापून घेतला आहे. वेगळ्या नळकांड्यात घालून पाठवतो आहे. तुमच्या कामाबद्दल मला आता काहीही विचारायचं नाही. फक्त तुम्ही पाहावं.

तुमच्या आशीर्वादाच्या आशेवर असलेला,
धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र एकही ओळ न गाळता वाचलं. माझ्या घाबरण्याची ओळ गाळावीशी वाटली होती, पण वाचली. अण्णा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चहा घेतला.

नळकांडं दोन दिवसांनी आलं. कागद उलगडला तर पलंगाएवढा. कुठं ठेवून दाखवायचा कळेना. भिंतीला धरला तर अण्णा म्हणाले, छत कधी भिंतीवर असतं का. मग हे स्टुलावर चढले आणि पलंगाच्या बरोबर वर, छतालाच तो कागद चिकटवला. खाली उतरून घाम पुसताहेत तोच अण्णा म्हणाले, की उलटा लावलाय, पूर्वेच्या खिडक्यांची बाजू पायाकडे आली पाहिजे. हे पुन्हा चढले. सगळा काढून पुन्हा लावला. हात वर करून करून खांदे गेले, तेव्हा अण्णा झोपल्या झोपल्या म्हणाले, जावईबापू, एवढ्यात दमलात, आम्ही असे महिनोन् महिने काढले. इतक्या दिवसांत त्यांनी मारलेला तो पहिला टोमणा. ह्यांना तो इतका आवडला की शेजाऱ्यांना सांगून आले.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड नाही. सकाळपासून वर बघत असतात आणि स्वतःशी पुटपुटतात. परवा खिडकीकडचं एक दाखवून म्हणाले, हे असेल. दुपारी म्हणाले, नाही, हे जुन्या कारागिराचं, माझा हात इतका हलका नव्हता. ह्यांनी दुसरं दाखवलं, तर म्हणाले, इतका जडही नव्हता. शेवटची ओळ पंख्याआड जाते. ती बघायची म्हणून काल आपण होऊन म्हणाले, मला खुर्चीत बसव. पलंगापासून खुर्चीपर्यंत ह्यांच्या खांद्याला धरून चालत गेले. डॉक्टरांचं जे काम मी महिनाभर घसा फोडून करत होते ते त्या ओळीनं केलं.

ह्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा मोडका पाय जोडला आणि मला सांगितलं, बघ, अण्णांचं फूल, सांधा कुठं आहे ते दाखव. अण्णांनी स्टूल मागून घेतलं, उलटं केलं आणि बोट ठेवलं. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

तुझी वाट बघतो आहोत. भावजयीला घेऊन ये, ह्यांच्या हातचा चहा तुम्हाला पाजायचा आहे. अण्णांनी तुला चार ओळी लिहायला घेतल्या, त्या लिहायला सकाळ गेली. मागच्या बाजूला आहेत. हात कापतो, अक्षर लावून वाच.

तुझी
ताई

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कागद पोचला. उजेड चांगला धरला आहेस. चारी कोपरे नीट आले आहेत. त्या वाकड्या फुलवाल्याला दोष देऊ नकोस, झुंबराच्या साखळीपाशी हात पुरत नाही.

माझं मला सापडलं नाही. तीन ठिकाणी आहे असं वाटलं, तिन्ही माझी नव्हेत. आज मिस्त्रींची फार आठवण आली. अर्धा चहा मी तेव्हा उगाच घेतला नाही.

सवडीनं ये.

तुला कधी सापडलं, तर मला कळवू नकोस.

अण्णा